जुनी स्पोर्ट्स कार कमी पैशांत उभी करायचीय? मग इंजिन नंतर, आधी पत्रा बघा

असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. एखाद्या बंद गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली दोन सीटची जुनी गाडी, आणि साठ सेकंदांत तीच गाडी चकाचक होऊन रस्त्यावर. खाली कमेंट ठरलेली, "भाऊ, खर्च किती आला?" उत्तर सहसा मिळत नाही. कारण अनेकदा गाडी घ्यायला लागले त्याहून जास्त पैसे ती उभी करण्यात गेलेले असतात.

तरीही ब्रिटनमध्ये साधी नोकरदार माणसं घरच्या गॅरेजमध्ये हा उद्योग करतात. त्यांची एक लाडकी गाडी म्हणजे एमजीबी. 1962 ते 1980 या काळात ती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये बनली. तिच्या सगळ्या प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. खिसा बेताचा असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. गाड्या भरपूर, म्हणून सुटे भाग भरपूर, म्हणून भावही आवाक्यात. दुर्मिळ गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी तिची एक हेडलाइट शोधताना घाम फुटतो.

एमजीबीची तर अख्खी बॉडीच नवी मिळू शकते! गाडी बंद झाल्यावर तिचे जुने साचे शोधून काढले गेले आणि 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने कोऱ्या बॉडी बनवायला सुरुवात केली.

पण बंद पडलेल्या गाडीची नवी बॉडी कुणाला हवी असते? इथेच खरी मेख आहे. 1798 सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, दोन कार्बोरेटर, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. हे सगळं पान्हे आणि थोडा धीर असला की शिकता येतं. गाडी मारतो तो गंज.

एमजीबीला खाली वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि त्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे दाराखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, म्हणजे सिल. आत चिखल-पाणी साचतं आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेरून रंग छान दिसतो, पण गाडी मध्यभागी सैल खाटेसारखी खचू लागते. छप्पर नसलेल्या मॉडेलमध्ये हा धोका जास्त, कारण वरून आधार नसतो. काही विक्रेते सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा चिकटवतात, पुट्टी भरतात, रंग मारून मोकळे होतात. अपघात झाला तर ही पेटी आपल्याला वाचवेल असं मग कसं म्हणायचं?

तपासणी मात्र फुकटात होते. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा आणि दाराखाली, चाकांच्या कडेने फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मग गाडी जॅकवर घ्या. दार आणि बॉडीमधली फट बदलली, दार अडकायला लागलं, तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडून द्या.

सिल बदलताना आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करावा लागतो आणि एका वेळी एकच बाजू कापायची असते. नाहीतर बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधी नीट बसत नाही. त्यामुळे हे काम जाणकार वेल्डरलाच द्या, पैसे इथेच घाला. कार्बोरेटरची सफाई, सीट, वायरिंग यांत हात घालून बचत करा.

आणखी एक युक्ती. 1974 च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांमुळे एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी थोडी उंच झाली. शौकिनांनी नाकं मुरडली. म्हणूनच क्रोमवाल्यांपेक्षा या गाड्या सहसा स्वस्त मिळतात. आत इंजिन त्याच जातीचं!

आणि हो, उत्साहाच्या भरात गाडी पूर्ण खोलू नका. अर्धवट खोललेल्या, नटबोल्ट खोक्यांत भरलेल्या गाड्या कवडीमोलाने विकल्या जातात, त्या अशाच उत्साही लोकांच्या असतात. गाडी चालती ठेवून एकेक काम करा. ब्रेक, पेट्रोलचे पाइप आणि टायर आधी. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप खराब होतात. टायरवरचे शेवटचे चार आकडेही बघा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं.

आपल्याकडे एमजीबी क्वचितच दिसते, पण प्रीमियर पद्मिनीलाही वेगळी चासी नाही, त्यामुळे चुंबकाची परीक्षा तिलाही लागू. फक्त स्वस्तात पडतं म्हणून दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवायच्या आधी नियम बघा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नंबर 'व्हीए' मालिकेतला. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केले असतील तर ही नोंदणी मिळत नाही. आणि मिळाली, तरी ती गाडी रॅलीला नेता येते, रोज ऑफिसला नाही.