मासा सुटतो तो घरीच

खाडीच्या मुखाशी, भरतीच्या पाण्यात जिताडा गळाला लागतो. पहिल्याच धावेत तो सरसर दोरी ओढून नेतो, रीळ किर्र वाजतं, मध्येच अडखळतं आणि टक्कन दोरी तुटते. धक्क्यावरचे सगळे हळहळतात, मासा मोठा होता म्हणतात. मासा मोठा असेलही. पण रिळाला ड्रॅग दिलेला असतो तो याचसाठी. दोरीच्या ताकदीपेक्षा कमी ताणावर स्पूलला फिरू द्यायचं आणि दोरी सोडत सोडत माशाला दमवायचं, हे त्याचं काम. खडक किंवा खांब आड न येता मोकळ्या पाण्यात दोरी तुटली, तर दोष बहुतेक वेळा सामानात असतो आणि तो काही आठवड्यांपूर्वी घरीच शिरलेला असतो.

सामान खराब होतं ते आळसामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. गरवून आल्यावर रॉड तसाच कोपऱ्यात टाकला तर तो खराब होणार, हे कुणालाही कळतं. जास्त फसवतात त्या मन लावून केलेल्या चुका. हौसेने घेतलेलं रीळ दर वेळी धुणाऱ्या, पुसणाऱ्या, त्यात तेल घालणाऱ्या माणसाचं रीळ वर्षभरात करकरायला लागतं, तेव्हा त्याला कारण सापडत नाही. आपण जे करतो त्याने आत नेमकं काय होतं, हे समजून घेतलं तर या चुका सहज टळतात.

धुताना

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकतं, मीठ जागच्या जागी राहतं आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेतला ओलावा ओढून घेत धातू खात राहतं. म्हणून गोड्या पाण्याने धुणं हवंच. चूक होते ती पाण्याच्या जोरात. नळाला पाइप लावून रिळावर फवारा मारला की बाहेरचं मीठ आणि वाळूचे कण फटींतून बेअरिंगपर्यंत ढकलले जातात. बादलीत बुडवून ठेवणं त्याहून वाईट. पाणी आत शिरतं आणि त्याला बाहेर यायला वाट नसते. कढत पाणी तर ग्रीसच पातळ करून टाकतं.

योग्य रीत साधी आहे. आधी ड्रॅग घट्ट करायचा, म्हणजे आतल्या चकत्यांमध्ये पाणी जात नाही. मग साध्या पाण्याची हलकी धार सोडायची, मऊ फडक्याने टिपून घ्यायचं आणि सावलीत सुकवायचं.

पुढची पायरी बरेच जण विसरतात. रीळ सुकल्यावर ड्रॅग पुन्हा पूर्ण सैल करायचा असतो. ड्रॅगमध्ये फेल्टच्या किंवा कार्बनच्या चकत्या धातूच्या चकत्यांना लागून बसवलेल्या असतात. त्या महिनोन्‌महिने दाबलेल्या राहिल्या तर फेल्ट चपटं होतं, चकत्या एकमेकींना धरून बसतात. मग मासा ओढू लागला की ड्रॅग आधी अडतो आणि नंतर हिसक्याने सुटतो. दोरी तुटते ती त्या हिसक्यात.

तेल आणि ग्रीस

कोकणातल्या घरात सर्वांत हाताशी असतं ते खोबरेल. पण ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठायला लागतं. थंडीच्या पहाटे बाटलीत जे दिसतं, तेच बेअरिंगमध्येही घडतं. स्वयंपाकाची इतर तेलं हवेत हळूहळू चिकट होत जातात. त्यापेक्षा शिलाई मशीनचं पातळ तेल बेअरिंगला चांगलं आणि तेही एक-दोन थेंबच.

दुसरा लाडका उपाय म्हणजे डब्ल्यूडी-४०चा फवारा. ते १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो इथे तयार झालं आणि ॲटलास क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी वापरलं गेलं. पाणी हटवणं हे त्याचं मूळ काम. गंजून अडकलेला स्क्रू सोडवायला ते उत्तम. मात्र त्यातला द्रावक रिळातलं ग्रीस विरघळवून नेतो आणि मागे उरतो तो फार पातळ थर. फवारल्यावर रीळ लगेच हलकं फिरू लागतं, त्यामुळे काम झालं असं वाटतं. दातेरी चाकं मात्र कोरडी पडून झिजायला लागतात.

याच्या उलट चूक म्हणजे सगळीकडे ग्रीस भरणं. दातेरी चाकांना ग्रीस आणि बेअरिंगला तेल, एवढा नियम पाळावा. आजच्या बहुतेक स्पिनिंग रिळांत हँडल उलटं फिरू नये म्हणून एकाच दिशेने फिरणारं रोलर बेअरिंग बसवलेलं असतं. त्यातल्या बारीक रोलरना धातूवर पकड लागते. तिथे घट्ट ग्रीस गेलं की ते घसरतात आणि मासा ओढायला लागताच हँडल उलटं गरगरत बोटांवर आपटतं. चारचौघांत अशी फजिती झाली की माणूस रिळाला दोष देतो. जास्तीचं ग्रीस पुसून पातळ तेलाचा एक थेंब दिला की हेच रीळ पुन्हा धड चालतं.

दोरी ज्याच्यावरून वळून स्पूलवर येते, त्या छोट्या रोलरकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. खारट दोरी सतत त्याच्यावरूनच जाते, त्यामुळे मीठ सर्वांत जास्त त्यालाच लागतं. तो फिरेनासा झाला की दोरी घासून झिजते. दर खेपेनंतर तो बोटाने फिरवून पाहावा.

दोरी

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस करोदर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केलं. त्याआधी रेशमी दोऱ्या वापरणाऱ्यांना त्या दर वेळी रिळावरून उतरवून सुकवाव्या लागत, नाहीतर त्या कुजत. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, कुजत नाही, म्हणून तो कायम टिकतो असा गैरसमज झाला. पण उन्हातले अतिनील किरण नायलॉनला कमजोर करतात. गाडीच्या मागच्या काचेखाली राहिलेल्या रिळावरची दोरी दिसायला जशीच्या तशी असते, ताकद मात्र घटलेली असते. शेवटचा हातभर भाग दोन बोटांतून ओढून पाहावा आणि खरखर लागली तर तेवढा कापून टाकावा. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरी नेमकी गाठीपाशीच अशक्त होते.

विणलेल्या दोरीची अडचण वेगळी. ती फार गुळगुळीत असते. रिकाम्या स्पूलवर थेट गुंडाळली तर ताण आल्यावर सगळी गुंडाळीच स्पूलभोवती घसरते. ड्रॅग कितीही आवळला तरी दोरी सुटतच राहते आणि लोक ड्रॅग बिघडला म्हणून चांगलं रीळ उघडून बसतात. तळाशी तंगूसाचे काही वेढे घातले की हा प्रश्न उरत नाही.

रॉड आणि पेटी

रॉडवरच्या कड्यांच्या आत सिरॅमिकचं कडं असतं. रॉड आपटला की त्याला डोळ्यांना न दिसणारा तडा जातो आणि तो तडा दोरी खरवडत राहतो. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा, जिथे धागे अडकतील तिथे तडा आहे. गळही याच कड्यात अडकवण्याची सवय अनेकांना असते, तीही मोडायला हवी. ओला रॉड कापडी पिशवीत घालून ठेवला तर पावसाळ्याच्या हवेत बुचाच्या मुठीवर बुरशी चढते. कार्बनचा रॉड विजेचा वाहक असतो, म्हणून विजेच्या तारांखालून जाताना तो आधी सुटा करावा. ही चूक जिवावर बेतू शकते.

आमिषांच्या पेटीत एक ओलं ल्युअर ठेवलं की त्याच्याबरोबर कोरड्यांचेही गळ गंजतात. मऊ रबरी ल्युअर कडक प्लॅस्टिकच्या ल्युअरला चिकटून राहिले तर दोन्ही वितळल्यासारखे होऊन एक होतात. मऊ ल्युअर त्यांच्या मूळ पाकिटातच बरे. गळाची धार नखावर तपासावी. हलकेच टेकवल्यावर टोक नखात रुतलं तर ठीक, घसरलं तर गळ बदलावा. शिशाचे मणी दातांनी दाबून बसवण्याची सवय मात्र तत्काळ सोडावी. शिसं विषारी आहे. ब्रिटनमध्ये १९८७ पासून गळाच्या बहुतेक लहान शिशांवर बंदी आली, कारण ती गिळून राजहंस मरत होते.

हे सगळं कशासाठी

दोरी तुटते तेव्हा गरवणाऱ्याचा मासा जातो, पण माशाच्या तोंडात गळ राहतो आणि मागे दोरीचं शेपूट. खांबाला, कांदळवनाच्या मुळांना अडकलेला तंगूस वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि त्यात बगळे, पाणकावळे अडकतात. सामानाची निगा ही म्हणूनच केवळ पैसे वाचवण्याची बाब नाही. पाण्यातल्या जिवाशी व्यवहार करणाऱ्याची ती जबाबदारी आहे. कापलेले तुकडे बाटलीत भरून घरी आणणं हाही त्याच जबाबदारीचा भाग.

पावसाळा संपून पहिल्यांदा बाहेर पडण्याआधी एक तपासणी जरूर करावी. दोरीचं टोक स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधून ओढावं. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणावर ड्रॅग सुटायला हवा. दोरी ९ किलोची असेल तर सव्वादोन ते तीन किलोला, आणि तोही हिसका न देता, एकसारखा. अडखळला तर रीळ उघडायची वेळ आली आहे. उघडताना दर पायरीचा फोटो मोबाइलवर काढावा आणि सुटे भाग काढले त्याच क्रमाने ओळीने मांडावेत. कागदाइतकी पातळ एखादी चकती मागे राहिली तरी रीळ पूर्वीसारखं चालत नाही.

मासा घरी न्यायचा की परत पाण्यात सोडायचा, हे गरवणाऱ्याने ठरवायचं असतं. गंजलेल्या गळाने किंवा अडलेल्या ड्रॅगने ते परस्पर ठरवू नये, एवढी तरी तयारी करूनच गळ पाण्यात टाकावा.