गुंतवळ, गंगावन आणि जट
‘देह आणि दंडक’ : लेखांक 7

केसांच्या बदल्यात भांडी नाहीतर फुगे देणारा फेरीवाला सोनई-घोडेगावच्या पट्ट्यालाच नव्हे, महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना ओळखीचा आहे. विंचरताना फणीत आलेली गुंतवळ बायका फेकत नाहीत. कोनाड्यात, पत्र्याच्या फटीत खोचून ठेवतात आणि मूठभर साठली की एखादी वाटी पदरात पाडून घेतात. पुढे ही गुंतवळ कर्नाटकातलं कोप्पळ, बंगालमधला मुर्शिदाबाद अशा ठिकाणी पोचते. तिथे पुन्हा बायकाच ती केस केस करून सोडवतात आणि लांबीप्रमाणे जुड्या बांधतात. मग बराचसा माल चीनमध्ये जातो आणि टोप, गंगावनं होऊन अमेरिकेत, आफ्रिकेत विकला जातो. तिरुमलाच्या देवस्थानात भाविकांनी उतरवलेल्या केसांना याहून वरचा भाव असतो. त्यांचा लिलावच होतो. हा व्यापार इतका मोठा की 2022 च्या जानेवारीत केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. या गंगावनांचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे कृष्णवर्णीय स्त्री. क्रिस रॉक या अमेरिकी विनोदवीराने 2009 साली ‘गुड हेअर’ हा माहितीपट केला, तेव्हा कृष्णवर्णीय बायकांच्या डोक्यावरच्या केसांचा माग काढत तो भारतातल्या देवळांपर्यंत येऊन पोचला. ‘चांगले केस’ म्हणजे सरळ, लांब, खाली लोंबणारे. आणि आपले जन्मजात दाट, कुरळे केस म्हणजे वाईट, हे त्या बायकांना कोणी शिकवलं, हा या लेखांकाचा विषय आहे. अमेरिकेतल्या बायकांच्या केसांशी आपला काय संबंध, असं विचारणाऱ्याला त्या वाटीची आठवण करून द्यावी लागेल.

सौंदर्याच्या कल्पना हवेतून येत नाहीत, त्यांच्यामागे हुकूम असतात. 1786 साली लुइझियानात स्पेनची सत्ता होती. तिथला गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढलं, की कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय स्त्रियांनी दागिने-पिसांनी केस सजवू नयेत, डोक्याला रुमाल बांधावा. त्या बायकांचा थाट गोऱ्या बायकांच्या डोळ्यांत खुपत होता. (बायकांनी मग तो रुमालच इतक्या झोकात बांधला की त्याची फॅशन झाली, ही गोष्ट वेगळी.) केस खरोखरच कुरूप असते, तर ते झाकायला फर्मान कशाला लागलं असतं? पुढे फर्मानाची जागा नोकरीच्या नियमांनी घेतली. 2010 साली अलाबामात एका कृष्णवर्णीय तरुणीला देऊ केलेली नोकरी कंपनीने मागे घेतली, कारण तिने ड्रेडलॉक्स, म्हणजे केसांच्या गुंतवून वळलेल्या बटा, कापायला नकार दिला. 2016 मध्ये संघीय अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. केशरचना बदलता येते, म्हणून तिच्यावरून केलेला भेद हा वंशभेद नव्हे, असा त्यातला युक्तिवाद होता. केसांच्या ठेवणीवरून असा भेद करायला कॅलिफोर्नियाने 2019 साली कायद्याने बंदी केली; असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य.

आपल्याकडे फर्मानाची गरजच पडली नाही, शास्त्राचा धाक पुरला. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या जातींत नवरा मेला की बाईचं केशवपन होई. जे केस काल सौभाग्याची शोभा होते, तेच आज पाप ठरत. केस तेच, बदललेली असे ती फक्त त्यांच्यावरची मालकी. पण दंडक कितीही जुना असला तरी तो अंमलात आणायला कोणाचे तरी हात लागतात. हे सत्यशोधकांनी नेमकं ओळखलं. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं ठरलं. सुधारकांच्या व्याख्यानांहून मला हा निर्णय मोलाचा वाटतो, कारण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कृष्णवर्णीय स्त्री ड्रेडलॉक्स ठेवण्यासाठी कोर्टात जाते ती स्वातंत्र्यासाठी, मग आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांची जट कापतात ती सुधारणा कशी? दोन्हीकडे केसांचा गुंताच ना? गुंता दोन्हीकडे आहे खरा, पण जट कोणी हौसेने ठेवत नाही. केस नीट विंचरले-धुतले नाहीत, मळ आणि चिकटा साठला, की ते एकमेकांत अडकतात. एकदा अडकले की देवीची जट म्हणून फणी लावायची भीती. त्यात तेल आणि भंडारा पडत गेला की गुंता आणखी घट्ट होतो. मान दुखते, उवा होतात, झोप लागत नाही. पण कापली तर देवी कोपेल, घरातलं माणूस जाईल, हा धाक मोठा असतो. मुलीच्या डोक्यात जट दिसली म्हणून तिला यल्लम्माला सोडायचं, हा ‘जोगवा’ चित्रपटातला प्रसंग नुसता कल्पनेचा नाही. मुली अशा देवीला सोडण्याच्या देवदासी प्रथेविरुद्ध 1934 पासून कायदे करावे लागले, यावरूनच त्या धाकाची मुळं किती खोल होती ते कळतं. अलाबामातल्या तरुणीला सांगितलं गेलं, हे बदलता येतं, म्हणून काप. आपल्याकडच्या बाईला सांगितलं जातं, हे बदलता येत नाही, म्हणून वागव. तर्क उलटे, पण ‘तुला काय हवं’ हा प्रश्न दोघींनाही कोणी विचारत नाही. म्हणून केस ठेवले की कापले, एवढ्यावरून गुलामी की मुक्ती हे ठरवू नये. तिने दंडक मोडला तर तिच्यावर काय ओढवतं, ते पाहावं.

हीच कसोटी पार्लरमधल्या हौसेलाही लावावी लागते. पैसे माझे, केस माझे, सरळ केले तर बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. काहीच बिघडलं नाही, जर कुरळ्या केसांनी नोकरी जाणार नसेल, स्थळ मोडणार नसेल. पण त्या हौसेची किंमत माहीत असावी. अमेरिकेत 33,497 स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत 4.05 टक्के असल्याचा त्यातला अंदाज आहे. रसायनांमुळेच रोग होतो, हे एवढ्याने सिद्ध होत नाही. पण आधीच्या वर्षभरात ही रसायनं वापरल्याचं सांगणाऱ्यांत सुमारे 60 टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. हौस सगळ्यांना सारखीच असती, तर तिची वाटणी अशी झाली नसती.

जटेच्या बाबतीत ही कसोटी पाळणं सर्वांत कठीण जातं, कारण जबरदस्तीने कापलेली जट हाही दंडकच. म्हणून समितीचे कार्यकर्ते जट असलेल्या बाईच्या घरी पुन्हा पुन्हा जातात, सासू-नवऱ्याशी बोलतात, बाई स्वतः हो म्हणेपर्यंत थांबतात. होकार आल्यावर कात्रीचं काम थोडक्यात उरकतं. पण नंतर कधी घरात कुणी आजारी पडलं की बोट पुन्हा तिच्याच डोक्याकडे जाण्याची भीती उरते, म्हणून जट उतरली तरी त्या घरी जाणं थांबवता येत नाही.