नवा लॅपटॉप, दोन सिस्टिम : साडेपाच तासांचा घोळ

पार्टिशन या आठवड्यात घेणार होतो, ते आता पुढच्या शनिवारी. सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. दिवसा विंडोजवर टॅली आणि जीएसटी, रात्री लिनक्सवर पायथॉनचा अभ्यास. लिनक्स बंद करून विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे. दुकानदार म्हणाला, मदरबोर्डचा सेल गेला. ताई, सेल बदलू नका. सेल ठणठणीत आहे.

सेल गेला असता तर तारीखही भरकटली असती. इथे फरक दर वेळी साडेपाचचाच पडतो आणि हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, तेवढीच पुढे असते. १९०६ साली ही प्रमाणवेळ आली तरी मुंबई कित्येक वर्षं आपली ४ तास ५१ मिनिटांची वेळ धरून होती. रेल्वेची वेळ निराळी, गावाची निराळी. तुमच्या लॅपटॉपमध्ये तेच चाललंय.

लॅपटॉप बंद असतानाही मदरबोर्डवरचं एक घड्याळ चालू असतं. त्यात तारीख आणि तास-मिनिटं असतात. ती कुठल्या देशाची, याची नोंद नसते. डॉसच्या काळापासून मायक्रोसॉफ्टने ती स्थानिक वेळ मानली, विंडोजनेही तेच चालू ठेवलं. युनिक्सच्या घराण्यात १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात, म्हणून लिनक्स तिथे यूटीसी धरतं. सकाळी दहाला लिनक्स त्या घड्याळात साडेचार लिहून ठेवतं आणि विंडोज तुम्हाला साडेचारच दाखवतं.

नेट जोडल्यावर विंडोज वेळ सुधारतं, पण ताबडतोब सुधारेलच असं नाही. तोवर सेव्ह केलेल्या फायलींवर पहाटेची वेळ पडते, आणि नवी फाइल ठेवून जुनी पुसणारं बॅकअप सॉफ्टवेअर तुमचं ताजं काम जुनं समजू शकतं. हिशेबाच्या कामात हे चालणार नाही.

लिनक्सला स्थानिक वेळ धरायला लावता येतं, पण माझा कौल विंडोज बदलण्याला. न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या आपल्या वाचकांकडे घड्याळ वर्षातून दोनदा तासभर सरकतं. मदरबोर्डवर स्थानिक वेळ असेल तर ते कोणत्या सिस्टिमने सरकवायचं, हा नवा घोळ. यूटीसीला तो प्रश्नच नाही.

विंडोजमध्ये रजिस्ट्री एडिटर उघडा. लोकल मशीनखाली सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन असं आत जा. तिथे ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची नवी डीवर्ड नोंद करा. नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. किंमत १ द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. एकदा दोन्ही सिस्टिम उघडून वेळ जुळते का बघा. यापुढे बायोसमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. ते बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

पुढच्या शनिवारी पार्टिशन नक्की. त्याआधी सगळ्या कामाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा.