रात्री बडबड, सकाळी शहाणं: अर्धांगवायूनंतरच्या डिलिरियमबद्दलचे गैरसमज

अर्धांगवायूचा झटका येऊन दोन-तीन दिवस झालेले असतात. पायात थोडी ताकद येऊ लागलेली असते. आणि एका रात्री वडील सलाईनची सुई उपटतात, भिंतीवर किडे दिसतात म्हणतात, पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. सकाळी डॉक्टर राउंडला येतात तेव्हा मात्र नाव-गाव सगळं बरोबर सांगतात. मग रात्रीचं सांगावं की नाही, असं घरच्यांना होतं. सांगायलाच हवं. ही अवस्था म्हणजे डिलिरियम. जुनी माणसं 'वातात बडबडतोय' म्हणायची, ती हीच. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब केला, तर झटक्यानंतर रुग्णालयात असलेल्या साधारण चारांपैकी एकाला ती गाठते. कमी-जास्त होत राहणं हे तर तिचं मुख्य लक्षण. त्यामुळे सकाळची शुद्ध पाहून रात्रीचा भ्रम खोटा ठरत नाही.

'मेंदूलाच मार बसलाय, मग डोकं फिरणारच.' सर्वांत जास्त ऐकू येणारं आणि सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य हे आहे. मेंदूला इजा झालेली असते म्हणून डिलिरियम लवकर होतो, हे खरं. पण त्याला निमित्त बहुतेकदा दुसरंच असतं, आणि ते बरं करता येतं. लघवीत जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, चार दिवस पोट साफ न होणं, रक्तातलं सोडियम किंवा साखर खाली-वर होणं, अंगात पाणी कमी पडणं, दुखणं, नव्याने सुरू झालेली झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी. झटक्यात गिळण्याची क्रिया बिघडते. प्रेमापोटी आडव्या माणसाला चमच्याने पाजलेला चहा श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. त्याची पहिली खूण खोकला नसून बडबड असू शकते. कधी मात्र मेंदूत नवा रक्तस्राव झालेला असतो, सूज वाढलेली असते किंवा बाहेरून न दिसणारी फिट चालू असते. म्हणूनच अचानक आलेली गुंगी सकाळच्या राउंडपर्यंत थांबवून ठेवायची नसते. त्याच क्षणी सिस्टरला उठवायचं.

आरडाओरडा करणारा पेशंट निदान लक्षात तरी येतो. गप्प पडलेल्याचं काय? 'आज शांत आहेत, आराम पडलाय' म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. डिलिरियमचा एक मोठा प्रकार असा मुका असतो. माणूस हाक मारली की डोळे उघडतो, वाक्य पुरं व्हायच्या आत पुन्हा मिटतो. घास तोंडात तसाच राहतो. काल मोबाइलवर नातीचा फोटो पाहून हसलेला, आज त्याच फोटोकडे नुसता बघत राहतो. खाट सोडून पळत नाही म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि नेमका हाच प्रकार सर्वांत जास्त निसटतो. माझ्या मते वॉर्डातल्या प्रत्येक नातेवाइकाला एवढी एक गोष्ट तरी कुणीतरी सांगायला हवी.

तपासायला मोठं यंत्र लागत नाही. सीटी स्कॅन झटका कुठे बसला ते दाखवतो, डिलिरियम दाखवत नाही. एडिंबरा विद्यापीठातले वृद्धरोगतज्ज्ञ ॲलिस्डेअर मॅक्ललिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'फोर-ए-टी' नावाची चाचणी पुढे आणली. ती दोन मिनिटांत होते. रुग्ण किती जागा आहे ते पाहायचं. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल विचारायचं. डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगायचे. आणि बदल अचानक झाला का, कमी-जास्त होतो का, हे जाणून घ्यायचं. ४ किंवा जास्त गुण आले तर डिलिरियमची शंका धरून कारण शोधायचं. जागेपणात स्पष्ट बिघाड असेल तर त्याला एकट्यालाच ४ गुण आहेत, आणि अचानक झालेल्या बदलालाही तितकेच. हा शेवटचा मुद्दा चोवीस तास उशाशी बसलेल्या माणसाकडूनच कळतो.

पण भिवंडीत 'उत्तर चुकलं म्हणजे भ्रम' हे गणित जपून मांडावं लागतं. यंत्रमागांच्या या गावात एकाच वॉर्डात मराठी, उर्दू, भोजपुरी आणि तेलुगू बोलणारी माणसं शेजारी शेजारी पडलेली असतात. आयुष्यभर सोमवारला 'पीर' आणि गुरुवारला 'जुमेरात' म्हणणाऱ्या चाचांना महिन्यांऐवजी वार विचारले आणि त्यांनी ते त्याच नावांनी उलटे म्हटले, तर उत्तर बरोबर आहे. शाळा न पाहिलेल्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आजोबांना इंग्रजी महिने उलटे येणार नाहीत. त्यांना आठवड्याचे वार, तेही तेलुगूत, विचारणं रास्त. जन्मतारीख कित्येक म्हाताऱ्यांना कधीच ठाऊक नव्हती, आधार कार्डावर १ जानेवारी पडलेली असते. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयातून रात्री ॲम्ब्युलन्सने ठाण्याला, कळव्याला किंवा मुंबईला हलवलेल्या माणसाने 'मी भिवंडीतच आहे' म्हटलं, तर त्याला कुणी सांगितलं होतं का, हे आधी बघावं. आणि ज्याने बारा-बारा तासांच्या पाळ्या मागांच्या खडखडाटात काढल्या, त्याला प्रश्न ऐकू तरी आला का? चाचणीत दोन्ही प्रश्नसंच विचारताच आले नाहीत, तर नियमाप्रमाणे २ आणि २ मिळून ४ गुण होतात. म्हणजे नुसती भाषा न जुळल्यानेही चाचणी डिलिरियमकडे बोट दाखवू शकते. रुग्णाच्या भाषेतला नातेवाईक शेजारी उभा असला की हा घोटाळा टळतो.

वाचा गेलेल्यांच्या बाबतीतही हीच गफलत होते. डाव्या मेंदूला झटका बसला की काहींची भाषाच मोडते. शब्द भरभर येतात, अर्थ लागत नाही. हा ॲफेजियाचा एक प्रकार. असा माणूस तुमच्या तोंडाकडे टक लावून पाहतो, ताट आलं की चांगल्या हाताने ओढून घेतो, आज जसा आहे तसाच उद्याही असतो. डिलिरियममध्ये लक्षच टिकत नाही आणि तासातासाला रंग बदलतो. ॲफेजिया असलेल्यांना प्रश्न विचारण्यापेक्षा जागेपण आणि चढउतार पाहावेत. झटका उजव्या मेंदूत असेल, तर कधी कधी डावीकडचं जगच रुग्णाच्या खिजगणतीत नसतं. डावीकडे उभं राहून हाक मारून 'ओळखत नाहीत' म्हणू नये.

'वय झालं, विसरभोळे झालेत.' विसरभोळेपणा महिन्या-वर्षांत येतो, डिलिरियम तासा-दिवसांत. 'दारू सुटल्यामुळे होतंय.' होऊ शकतं, साधारण शेवटच्या पेल्यानंतर दोन ते चार दिवसांत, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून पिण्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. 'बाहेरचं लागलंय' म्हणून कुणाला दुआ मागायची असेल, अंगारा लावायचा असेल तर लावावा. लघवीची आणि रक्ताची तपासणी मात्र त्याच दिवशी व्हायला हवी.

आता झोपेचं इंजेक्शन. 'एक देऊन टाका, निवांत झोपतील', अशी गळ घरचेच घालतात. दारू सुटल्याचा प्रकार सोडला, तर डायझेपामसारखी औषधं डिलिरियम वाढवतात. हात खाटेला बांधले की भीती आणि धडपड वाढते. बचाव होतो तो साध्या गोष्टींनी. अमेरिकेत शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी ८५२ वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ते रुग्ण झटक्याचे नव्हते, पण धडा इथेही लागू आहे. चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, रात्रीची झोप, हालचाल आणि दिवसभर वेळ-ठिकाणाची आठवण करून देणं एवढं नेमाने केलं, तेव्हा डिलिरियम होण्याचं प्रमाण नेहमीच्या देखभालीतल्या १५ टक्क्यांऐवजी ९.९ टक्के राहिलं. आपल्याकडे चष्मा आणि कवळी हमखास घरी राहतात, 'हरवेल' म्हणून. ती पहिल्याच दिवशी आणावीत.

रात्री बसणारा भाचा आणि सकाळी डबा घेऊन येणारी सून यांची गाठ बऱ्याचदा जिन्यातच पडते, आणि रात्रीची हकीकत तिथेच विरते. खाटेशेजारी वही ठेवावी. झोप किती, लघवी कधी, बडबड केव्हा सुरू झाली, कोणती गोळी नवी, एवढंच लिहावं. घरी सोडताना वही सोबत न्यावी. डिलिरियम काहींचा दोन दिवसांत उतरतो, काहींचा आठवडे रेंगाळतो, आणि तो होऊन गेलेल्यांत पुढे स्मरणशक्ती घटण्याचा धोका जास्त असतो. म्हणून पुढच्या तपासणीला जाताना हात-पाय, बीपी यांच्याबरोबर 'आठवण तपासा' असंही डॉक्टरांना सांगावं.