मालकाच्या मौनावर भरणारी जत्रा

टोकियो : आरिआके भागातलं ‘बिग साइट’ हे प्रदर्शन केंद्र वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि डिसेंबरअखेर, ‘कॉमिकेट’ या हौशी पुस्तिकांच्या जत्रेच्या गर्दीनं भरून जातं. लांबच लांब टेबलांच्या रांगा, एकेका गटाच्या वाट्याला अर्धं टेबल. त्यावर रंगीत कापड, पुस्तिकांचे गठ्ठे आणि सुट्ट्या पैशांचा डबा. आलेला वाचक आधी ‘चाळू का?’ म्हणून विचारतो, दोन पानं उलटतो, मग नाणी मोजतो.

या हौशी पुस्तिकांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. त्यांतल्या कितीतरींमध्ये पात्रं दुसऱ्याच्या गाजलेल्या मांगातली (जपानी चित्रकथेतली) आणि कथा मात्र चाहत्याची असते. १९७५ मध्ये ३२ गट आणि सुमारे ७०० माणसांनिशी सुरू झालेल्या या जत्रेला २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाखांची हजेरी लागली.

आणि तरीही जपानच्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला वेगळी सूट नाही.

याचा दाखला एका जुन्या खटल्यात मिळतो. बर्फाच्या उतारावरून स्कीअर खाली येताहेत, मागे त्यांच्या वळणदार खुणा, असं शिराकावा योशिकाझू यांचं एक छायाचित्र होतं. विडंबनकार मॅड अमानो यांनी त्या खुणांच्या वरच्या टोकाला अजस्र टायर चिकटवला. स्की-खुणा क्षणात चाकोऱ्या झाल्या आणि मोटारींच्या प्रदूषणावर नेमका वार बसला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कौल दिला तो छायाचित्रकाराच्या बाजूनं.

मग दोजिन्शी टिकली कशी? कॉपीराइटभंगाचा खटला मालकानं तक्रार केली तरच उभा राहायचा, आणि बहुतेक प्रकाशक तक्रारच करत नाहीत. उद्याचे चित्रकार याच टेबलांमागून येतात हे ते जाणतात. ‘क्लॅम्प’ हा मांगाकारांचा नामांकित गट इथूनच वर आला. पण हे मौन म्हणजे हक्क नव्हे. १९९९ मध्ये पोकेमॉनवरच्या दोजिन्शीपायी ती काढणाऱ्या व्यक्तीला अटक झाली. मूळ लेखकाच्या निधनामुळे शेवटाविना राहिलेल्या ‘डोरेमॉन’ला एका चाहत्यानं शेवट लिहिला, तेव्हा प्रकाशकांनी हरकत घेतली आणि २००७ मध्ये त्याला माफी मागून कमाईतला वाटा द्यावा लागला.

प्रशांत महासागरी व्यापार करारामुळे डिसेंबर २०१८ पासून काही गुन्ह्यांत तक्रारीची अट गेली. चाहत्यांत धास्ती होती, पण नवा नियम मूळ कृती जशीच्या तशी विकणाऱ्या चोरांपुरताच ठेवला गेला. संसदेनं हा फरक ओळखला, हे फार बरं झालं. मांगाकार अकामात्सु केन मात्र तेवढ्यावर विसंबले नव्हते. २०१३ मध्येच त्यांनी ‘दोजिन चिन्ह’ पुढे आणून आपल्या नव्या मालिकेवर ते छापलं होतं. चाहत्यांनी या पात्रांवर दोजिन्शी काढावी, अशी मालकाची उघड परवानगी.