मनोऱ्याची सावली, वाडीचा उजेड

गिरगावातल्या खोताच्या वाडीत शिरले की रस्त्यावरचा गोंगाट काही पावलांतच मागे पडतो. दोन्ही बाजूंना लाकडी कठड्यांचे सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलारू उतरती छपरे. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी ही जमीन विकायला काढली आणि ईस्ट इंडियन कुटुंबांनी तिथे घरे बांधली, अशी वाडीची कथा सांगितली जाते. एके काळी साठ-पासष्ट बंगले होते; आज ते तिशीच्याही आत आले आहेत. मान वर केली की कौलांच्या मागे काचेचा मनोरा दिसतो. तो पाहून एक जण म्हणतो, ‘गिरगावाचा गळा घोटला.’ दुसरा म्हणतो, ‘त्यात माझ्या मामाला पहिल्यांदा घरात संडास मिळाला.’ दोघेही खरेच बोलत असतात. म्हणूनच उंचीचा हा वाद नीट उलगडून पाहायला हवा.

मनोरा उंच का होतो?

बिल्डरच्या हावेपाशी उत्तर संपत नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. गरीब भाडेकरूला त्याने छप्पर दिले, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. तुळया कुजल्या, सज्जे कोसळू लागले. १९६९ साली सरकारने कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीची जबाबदारी एका मंडळाकडे दिली. तेव्हा शहर भागात अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. उपकराच्या पैशांतून एवढ्या इमारती सावरणे शक्य नव्हते. मग १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने वेगळी वाट काढली: मालक किंवा बिल्डर जुन्या रहिवाशांना मोफत घरे देईल आणि त्या बदल्यात त्याला विक्रीसाठी जादा बांधकाम मिळेल.

सध्याच्या नियमावलीत त्याचे गणित असे आहे. प्रत्येक निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र द्यायचे. एकूण चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, ३ धरायचा. किंवा पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र अधिक त्यावरचा प्रोत्साहनाचा वाटा, जो एका भूखंडासाठी ५० टक्के असतो. या दोहोंपैकी जे जास्त तेवढे बांधता येते. याचा अर्थ, चाळ जितकी दाटीची तितके बांधकाम जास्त. खोताच्या वाडीतल्या बंगल्यात दोन कुटुंबे असतील तर शेजारच्या चाळीत ऐंशी. त्या ऐंशी बिऱ्हाडांची घरे आणि ती घरे मोफत बांधण्यासाठी विकायची घरे, दोन्ही त्याच चिंचोळ्या जमिनीवर बसवायची. वर जाण्यावाचून मार्ग राहत नाही. मनोऱ्याची उंची म्हणजे एका अर्थाने सत्तर वर्षांच्या न झालेल्या दुरुस्तीचे थकलेले बिल आहे.

एफएसआय म्हणजे उंची नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एफएसआय किती बांधायचे ते सांगतो, किती उंच ते नाही. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक ३ असेल तर ३,००० चौरस मीटर बांधता येते. जमिनीचा ६० टक्के भाग व्यापला तर हे बांधकाम पाच मजल्यांत बसते. २० टक्केच व्यापला तर पंधरा मजले लागतात, पण ८०० चौरस मीटर जमीन मोकळी राहते. म्हणजे उंची ही मोकळ्या जागेची किंमत आहे. ती मोजायला तक्रार नसावी. प्रश्न एवढाच, की किंमत मोजून मोकळी जागा खरोखर हाती येते का?

गिरगावात बहुधा येत नाही. एफएसआयमध्ये न मोजले जाणारे गाड्यांचे मजले खाली येतात आणि ते जवळजवळ सगळी जमीन व्यापतात. त्यांच्यावर मनोरा उभा राहतो. म्हणजे उंचीही आली आणि जमीनही गेली. करमणुकीची मोकळी जागा अशा पोडियमच्या गच्चीवर दाखवण्याची पद्धतही पडली होती. ती जागा जमिनीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये स्पष्ट केले.

साडेत्रेसष्ट अंशांचा धडा

या शहराला उजेड मोजण्याची रीत नवी नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये मुंबई सुधार न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत रोग फोफावतो, अशी त्याची धारणा होती. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हिरिरीने मांडला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत एक तिरकी रेषा ओढायची आणि समोरचे बांधकाम त्या रेषेच्या खाली ठेवायचे. साध्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे.

ही पट्टी आज लावून पाहू. तीन मीटरच्या गल्लीपलीकडे २४ मीटरची, म्हणजे साताठ मजल्यांची इमारत असेल तर कोन सुमारे ८३ अंश होतो. तीस मीटर लांब १२० मीटरचा मनोरा असेल तर सुमारे ७६ अंश. दोन्ही नापासच, पण जवळची बुटकी इमारत लांबच्या मनोऱ्यापेक्षा जास्त अंधार करते. सावलीचेही तसेच आहे. मुंबईत डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंश वर असतो. तेव्हा १२० मीटरच्या मनोऱ्याची सावली उत्तरेला सुमारे ११० मीटर पडते. पण मनोरा सडपातळ असेल तर ती सरकत जाते. गल्लीला चिकटलेली सलग भिंत मात्र दिवसभर हलत नाही. म्हणजे ‘किती मजले?’ या प्रश्नाआधी ‘किती अंतर?’ हा प्रश्न यायला हवा.

शोभणे म्हणजे काय?

नवी इमारत जुन्या घरांशेजारी शोभावी म्हणून कधी तिला खोटी कौले आणि कमानी चिकटवतात. ती सजावट झाली. शोभणे खालच्या तीन मजल्यांत ठरते. चाळीची गॅलरी गल्लीकडे पाहते. तिथून हाक मारता येते, खाली खेळणाऱ्या मुलांवर नजर राहते. १८९३मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो केशवजी नाईकांच्या चाळीत. चाळीच्या त्या रचनेत चौक आणि गॅलरी मिळून आपोआप सभागृह तयार होत असे. त्या जागी गाड्यांच्या पाच-सहा मजल्यांची मुकी भिंत आली तर वरच्या घरांतून वाडीवर फक्त नजर पडते, नाते उरत नाही.

दक्षिण मुंबईतच उलटे उदाहरण आहे. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, तर दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकात आलेल्या आर्ट डेकोच्या. त्या काळी त्या पार नव्या आणि परक्याच होत्या. तरीही २०१८मध्ये दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरल्या. दोन शैली एकमेकींसारख्या नाहीत. पण मध्ये मैदान आहे आणि आर्ट डेकोच्या रांगेने आपली उंची एकसारखी राखली आहे. नवे जुन्यासारखे दिसावे लागत नाही, त्याने जुन्याला श्वास घेऊ द्यावा लागतो.

१९९५च्या वारसा नियमांनी सुट्या वास्तूंबरोबर ‘परिसर’ ही कल्पनाही मान्य केली. पण वारशाच्या यादीत नाव असले म्हणून कौले शाकारायला पैसे मिळत नाहीत. बंगल्याच्या मालकाला ‘विकू नका’ आणि चाळकऱ्याला ‘थांबा’ एवढेच सांगणारे जतन दोघांनाही अन्यायाचे वाटते, आणि ते चुकीचे नाही. बंगल्याला न वापरता येणारे बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकता यावेत आणि तो पैसा त्याच घराच्या दुरुस्तीला बांधलेला असावा. चाळींचा पुनर्विकास एकेका तुकड्याने न होता शेजारचे भूखंड मिळून व्हावा, म्हणजे उंच भाग वाडीपासून दूर नेता येईल आणि वाडीच्या कडेला बैठा भाग ठेवता येईल. गाड्यांचे मजले कमी करून गल्लीकडे दुकाने, जिने, खिडक्या याव्यात. यातले काहीही मजले मोजून साधणार नाही.

चाळीतल्या माणसाला स्वतःचा संडास हवा आणि वाडीतल्या माणसाला सकाळचे ऊन हवे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. दहा फुटांच्या गल्लीत आपण त्या समोरासमोर आणून उभ्या केल्या आहेत.