बाजरींतील काळा दाणा

ज्या वर्षीं बाजरी फुलोऱ्यांत असतां आभाळ सारखें भरलेलें राहतें व झिमझिम थांबत नाहीं, त्या वर्षीं कणसाकडे जरा निरखून पाहावें. फुलांतून मधासारखा, किंचित् गुलाबी, चिकट थेंब बाहेर येऊं लागतो. पुढें कांहीं दिवसांनीं त्याच जागीं दाण्याऐवजीं काळपट, टोंकदार व लांबट गांठ दिसते. ह्या रोगास अरगट म्हणतात. ती गांठ बुरशीची असून तींत विष असतें.

महसूल खात्यांत कारकून असतां पीक-कापणीचे प्रयोग मीं पुष्कळ पाहिले. आंखलेल्या तुकड्यांतील कणसें कापावयाचीं, मळावयाचीं, वजन टिपावयाचें. एका वर्षीं राशींत काळे दाणे मला स्पष्ट दिसले. परंतु रकाना वजनाचा होता. मीं वजन लिहिलें व पुढल्या शेतांत गेलों. त्याच बाजरीची भाकरी खाऊन त्या घरचीं चार माणसें दुसऱ्या आठवड्यांत आडवीं झालीं. मळमळ, ओकाऱ्या, भोंवळ, आणि डोळे उघडवेनात अशी झांपड. घरच्यांनीं दृष्ट काढली, शेजाऱ्यांनीं पटकीची शंका घेतली. दुसऱ्या दिवशीं सर्वजण उठून बसलीं, म्हणून कोणीं चौकशी केली नाहीं. सायंकाळीं पुन्हा त्याच पिठाच्या भाकरी झाल्या. तें मला अजून खुपतें.

हीं लक्षणें नवीन नाहींत. १९५० नंतरच्या दशकांत तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागांत व १९७५ सालीं राजस्थानांत अशी विषबाधा झाल्याची नोंद आहे. युरोपांत राय नांवाच्या धान्यावरील अरगटानें पूर्वीं हातपाय सडत असत. बाजरीचें विष वेगळ्या जातीचें, तितकें भयंकर नाहीं. म्हणून तें क्षुल्लकही नव्हे. झिंबाब्वेंत असा दाणा खाल्लेल्या डुकरिणींचें दूध आटलें होतें. दुभत्या जनावरापुढें तो टाकणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. भाकरी भाजल्यानें विष जाईल असा भरंवसा धरूं नये.

ही बुरशी कणगींत वाढत नाहीं, फुलांतच शिरते. ज्या फुलास वेळेवर पराग मिळाला तें बहुधा वांचतें. परागाची वाट पाहत उघडें राहिलेलें फूल सांपडतें. १९६५ पासून संकरित बाजरी पसरली, तेव्हां रोगही अधिक दिसूं लागला, त्याचें एक कारण हेंच. जमिनीवर पडलेल्या गांठी पुढल्या पावसाळ्यांत उगवतात, यास्तव उन्हाळ्यांत खोल नांगरट व पिकाचा फेरपालट करावा. रोगट कणसें मळणीपूर्वीं निराळीं काढावीं. एकदां रास एक झाली म्हणजे निवडणें डोळ्यांचें काम राहत नाहीं.

तेव्हां मग मिठाचें पाणी. दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ पूर्ण विरघळवावें, बाजरी थोडी थोडी ओतून ढवळावी. गांठी हलक्या असल्यानें वर तरंगतात, भरीव दाणा तळाशीं बसतो. थोडा पोचट दाणाही वर येईल, त्याचा लोभ करूं नये. तळची बाजरी दोन-तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुवावी. बियाण्याची असल्यास सावलींत, खावयाची असल्यास उन्हांत खडखडीत वाळवावी. ओलसर राहिली तर दुसरी बुरशी यावयाची. मीठ परवडत नाहीं, अशी तक्रार मीं ऐकली आहे. तेंच पाणी अनेक घाण्यांस चालतें, व खावयाची बाजरी दळणापुरतीच धुतली तरी पुरे. वापरलेलें पाणी मात्र झाडाच्या बुंध्याशीं ओतूं नये.

बाजारचा प्रश्न नाजूक आहे. कायद्यानें अरगटाचे दाणे वजनानें शेंकडा ०.०५, म्हणजे किलोस अर्धा ग्रॅम, एवढेच चालतात. चांगल्या मालांत मिसळून तें प्रमाण खालीं आणण्याची युक्ति कांहीं हुशार लोक सांगतात. ती भाकरी कोणाच्या तरी मुलाच्या ताटांत जाते, हें त्यांच्या हिशेबांत नसतें. वर तरंगलेला माल कोंबड्यांसही घालूं नये, उकिरड्यावरही टाकूं नये. शेताबाहेर खड्ड्यांत जाळावा, आणि त्याचें वजन उत्पन्नांतून वजा धरावें.